सहवासाचा हिशेब

थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या सीमा कुठेच एकमेकींना भिडत नाहीत. मध्ये लाओसची चिंचोळी पट्टी आहे, खाली कंबोडिया आहे. तरी ईशान्य थायलंडमधल्या नाखोन फानोम शहराजवळ मेकाँग ओलांडली आणि पूर्वेकडे निघाले, की सुमारे दीडशे किलोमीटरवर व्हिएतनाम लागतो. पुण्या-मुंबईएवढे अंतर. २०११ साली तिथे नदीवर पूल झाला आणि ही वाट सोपी झाली. बँकॉकहून हनोईला विमानाने जेमतेम दोन तास लागतात, आणि दोन्ही सरकारांमधल्या करारामुळे एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येते. फिरायला जाणाऱ्यापुरती ही सीमा जवळजवळ उरलेली नाही. एखाद्या थाय माणसाने आणि व्हिएतनामी माणसाने लग्न करून एका छताखाली राहायचे ठरवले, म्हणजे ती पुन्हा उभी राहते.

परदेशी जोडीदार आणि व्हिसा म्हटले, की आपल्याकडे अमेरिका, कॅनडा, जर्मनी डोळ्यांसमोर येतात. तिथली कडक तपासणी आपण गरीब देश आणि श्रीमंत देश यांच्यातल्या ओढाताणीने समजावून घेतो. थाय-व्हिएतनामी जोडप्याला ते स्पष्टीकरण फारसे लागू पडत नाही. दोन्ही देश आसियानचे सदस्य आहेत. संघटना १९६७ मध्ये बँकॉकमध्येच स्थापन झाली आणि व्हिएतनाम १९९५ मध्ये तिच्यात आला. व्यापार मोठा आहे, वैर उरलेले नाही. तरीही एका घरात राहण्यासाठी या दोघांना जे करावे लागते ते पाहिले, की राज्यसंस्था लग्नाकडे मुळात कशी पाहते हे उघडे पडते. म्हणून हे उदाहरण मला जवळचे वाटते.

इमॅन्युएल कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो परक्या माणसाच्या हक्कांचे दोन भाग पाडतो. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसे एकमेकांपासून अनंतापर्यंत दूर पांगू शकत नाहीत. तेव्हा परक्याच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखी वागणूक मिळू नये, एवढा भेटीचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र तिथे मुक्काम करून राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाने वेगळा करार करायला हवा. तीस दिवसांची व्हिसामाफी हा कांटचा भेटीचा हक्क आहे, जवळजवळ शब्दशः. पण नवरा किंवा बायको या दोन कप्प्यांपैकी कशात बसते? ती भेटीला आलेली नाही, आणि मुक्कामाला थांबलेली पाहुणीही नाही. त्या घराची ती अर्धी मालक आहे. कांटच्या रचनेत तिच्यासाठी खण नाही, आणि आजच्या कायद्यांनीही तो नीट केलेला नाही.

१९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा या बाबतीत फार बोलका आहे. त्याच्या सोळाव्या कलमात सज्ञान स्त्रीपुरुषांना वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांची आडकाठी न येता लग्न करण्याचा आणि कुटुंब उभारण्याचा हक्क दिला आहे. तेराव्या कलमात कोणताही देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली, की मधली फट दिसते. परदेशी माणसाशी लग्न करता येईल, आपला देश सोडता येईल. पण ज्याच्याशी लग्न केले त्याच्या देशात शिरता येईल, असे जाहीरनामा कुठेच म्हणत नाही. हा मसुदा करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसा मेहता होत्या, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू. पहिल्या कलमात फक्त पुरुषांचा उल्लेख न राहता सर्व मानवांचा व्हावा, हा त्यांचा आग्रह मान्य झाला. सोळावे आणि तेरावे कलम मात्र जोडायचे राहून गेले. लग्न हा हक्क झाला आणि एकत्र राहणे ही मेहरबानी राहिली.

या मेहरबानीचे रोजचे रूप कसे असते ते बघू. समजा, मुलगी व्हिएतनामची आणि मुलगा थायलंडचा. लग्न थायलंडमध्ये नोंदवायचे, तर मुलीने आपल्या गावाकडच्या लोकसमितीच्या कार्यालयातून अविवाहित असल्याचा दाखला आणायचा. तो सहा महिनेच चालतो. त्याची भाषांतरे, परराष्ट्र खात्याचे शिक्के, वकिलातीचे प्रमाणपत्र, मग बँकॉकच्या चेंग वत्ताना भागातल्या वाणिज्यदूत विभागात थाय भाषांतराची तपासणी, आणि शेवटी आम्फो, म्हणजे आपल्या तहसील कार्यालयासारख्या जागी, नोंदणी. सहा महिन्यांचे घड्याळ सगळा वेळ चालू असते. पण इथवरचे सगळे मला समजते. दोन राज्यांच्या दप्तरांना एकमेकांची भाषा वाचता येत नाही, तेव्हा कागद फिरणारच.

खरा प्रश्न लग्न नोंदवून झाल्यावर सुरू होतो. थाय जोडीदारासोबत राहण्यासाठी परदेशी माणसाला जी मुदतवाढ मिळते ती एका वेळी एक वर्षाची असते, शुल्क थाय चलनात १९०० बात. अर्जासोबत घराचा नकाशा, घरात आणि घराबाहेर दोघांचे एकत्र फोटो, विवाहनोंदीचा ताजा उतारा द्यायचा. अर्ज दिला की आधी तीस दिवसांचा ‘विचाराधीन’ शिक्का बसतो, निर्णय त्यानंतर. सलग नव्वद दिवस देशात राहिले की पत्ता कळवायचा. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला सांगायचे, आणि हा घरमालक अनेकदा स्वतः नवराच असतो. आईला भेटायला हनोईला जायचे तर निघण्यापूर्वी परतीचा परवाना घ्यायचा, एका फेरीसाठी १००० बात, अनेक फेऱ्यांसाठी ३८००. तो विसरला आणि विमान सुटले, की वर्षाची मुदतवाढ तिथेच संपते.

एकेक अट वेगळी घेतली तर किरकोळ वाटेल. मला खुपतो तो या अटींमागचा काळाचा हिशेब. दहा वर्षे संसार केलेली बाई अकराव्या वर्षी त्याच रांगेत, तेच फोटो आणि तोच नकाशा घेऊन उभी राहते, जिथे पहिल्या वर्षाची नवरी उभी असते. संसार वर्षागणिक मुरत जातो. एकमेकांची आजारपणे काढलेली असतात, सासूची शेवटची वर्षे सांभाळलेली असतात, शेजारणीशी न बोलता दिवस सरत नाही. परवान्यात यातले काहीच जमा होत नाही. थाय जोडीदार वारला किंवा घटस्फोट झाला, तर ज्या आधारावर मुदतवाढ मिळत होती तो आधारच जातो. मूल असेल तर वेगळ्या कारणाने नवा अर्ज करता येतो. म्हणजे जिने वीस वर्षे एका गावात काढली, तिला नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्या वीस वर्षांचे श्रेय स्वतःच्या नावावर मागता येत नाही.

बाहेर पडायच्या वाटा आहेत, हे सांगायलाच हवे. सलग तीन वर्षांच्या मुदतवाढीनंतर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. पण तिथे दर वर्षी प्रत्येक देशाच्या शंभरच माणसांना जागा आहे, आणि मंजुरी मिळाली तर थाय माणसाच्या जोडीदारालाही ९५,७०० बात भरावे लागतात. नागरिकत्वाची वाट परदेशी बायकोसाठी तुलनेने सोपी आहे. १९६५ च्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार तिला विवाहाच्या आधारे ते मागता येते. परदेशी नवऱ्याला नेहमीच्या नागरिकीकरणाच्या दारातून जावे लागते. २००८ च्या दुरुस्तीने त्याला पाच वर्षांच्या वास्तव्याची आणि थाय भाषेच्या ज्ञानाची अट माफ केली, पण दार तेच ठेवले.

नवरा आणि बायको यांच्यातला हा फरक पैशाच्या अटीत आणखी ठळक होतो. थाय स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाने महिना ४०,००० बात उत्पन्न दाखवायचे, किंवा थाय बँकेत चार लाख बात दोन महिने आधीपासून ठेवलेले दाखवायचे. पोलिसांच्या ज्या आदेशात ही अट आहे, त्यात ती परदेशी नवऱ्यासाठीच लिहिली आहे. थाय पुरुषाच्या परदेशी बायकोला ती नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातले दोघे अदलाबदल करून पाहा. मुलगा व्हिएतनामी आणि मुलगी थाय असती, तर तेच प्रेम चार लाख बातने महाग झाले असते. व्हिएतनाममधल्या साध्या नोकरदाराला ही रक्कम वर्षानुवर्षे साठवावी लागते. कायद्याने धरून चालले आहे की पुरुष पोसतो आणि स्त्री त्याच्या घरी जाते.

आणि हे गृहीतक खुद्द थायलंडच्या गावांना मंजूर नाही. ईशान्येच्या इसान भागात परंपरेने लग्नानंतर मुलगा मुलीच्या आईवडिलांच्या घरी राहायला जातो, निदान काही वर्षे तरी. धाकट्या मुलीकडे बहुधा घर येते. आपल्याकडे ‘घरजावई’ म्हणताना आवाज खाली जातो. तिकडे जावयाने सासरी नांदणे हीच रीत. ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि तिथल्या नदीचे नाव लाभलेल्या इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी करताना, मुलगी लग्नानंतर कुठे आणि किती दूर जाते यावरून सगळ्या कुटुंबाचा स्वभाव कसा ठरतो, हे दाखवून दिले. ती नजर इथे लावली तर गंमत वाटण्याऐवजी दुःख होते. इसानमधल्या घरात परका जावई येणे ही शतकांची वहिवाट आहे, आणि बँकॉकचा कायदा नेमक्या त्याच जावयाला दारात अडवून खिसा तपासतो.

नोकरीचे तर आणखी अवघड. थायलंडमध्ये विवाहाच्या मुदतवाढीने राहता येते, काम करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. काही कामे थाय नागरिकांसाठीच राखलेली आहेत, त्यांत केस कापण्याचे काम आहे. व्हिएतनामी बाई सायगावला दहा वर्षे पार्लर चालवत असली, तरी नवऱ्याच्या गावात तिला कात्री हातात धरता येणार नाही.

व्हिएतनामचा कायदा या ठिकाणी अधिक समजूतदार आहे, आणि हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. व्हिएतनामी नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला पाच वर्षांपर्यंतचे व्हिसामाफीपत्र मिळते, त्यावर प्रत्येक वेळी सहा महिने राहता येते. तिथेच राहायचे असेल तर तीन वर्षांपर्यंतचे तात्पुरते निवासपत्र मिळते, आणि तीन वर्षे तसे राहिल्यावर जोडीदाराच्या हमीवर कायम निवास मागता येतो. २०२१ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने व्हिएतनामी माणसाशी लग्न करून तिथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला कामाच्या परवान्यातूनच वगळले आहे. पितृवंशाची पकड ज्या समाजावर जास्त घट्ट आहे, तिथला कायदा जावयाला अधिक मोकळे सोडतो. समाज आणि त्याचा कायदा यांची पावले बरोबरीने पडतातच असे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

संशयाची बाजूही खोटी नाही. गेल्या काही दशकांत तैवान आणि दक्षिण कोरियात दलालांमार्फत लग्न होऊन गेलेल्या व्हिएतनामी मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या काहींचे फार हाल झाले. कागदापुरती लग्ने होतात, लग्नाच्या नावाने माणसांची विक्रीही होते. अधिकाऱ्याने पहिल्या वर्षी चार प्रश्न विचारले तर ते त्या मुलीच्याच रक्षणाचे असू शकतात. पण संशयालाही मुदत हवी. पाच वर्षांच्या नोंदी, शाळेत जाणारे मूल, एकत्र भरलेली वीजबिले हातात असताना सहाव्या वर्षी पुन्हा घराबाहेरचा फोटो मागणे याला दक्षता म्हणता येत नाही.

साचलेला काळ न मोजण्याची सवय थायलंडला नवी नाही, आणि या सवयीचा सर्वांत मोठा फटका व्हिएतनामी माणसांनाच बसलेला आहे. २१ मार्च १९४६ रोजी फ्रेंच फौजांनी लाओसमधल्या थाखेक शहरावर हल्ला केला. तिथे व्हिएतनामी वस्ती मोठी होती. माणसे मेकाँगमध्ये उतरली, होड्यांनी, पोहत. कितीतरी बुडाली, आणि वाचलेली समोरच्या नाखोन फानोमला लागली. त्या सुमारास हजारो व्हिएतनामी कुटुंबे इसानमध्ये आली. थाय नेते प्रीदी फानोमयोंग यांच्या प्रभावाखालच्या सरकारने त्यांना आसरा दिला. नाखोन फानोमजवळच्या बान ना चोक या खेड्यात हो चि मिन्ह १९२० च्या दशकाअखेरीस राहून गेले होते. म्हणजे ओळख जुनी होती. पण १९४८ मध्ये लष्करी नेते फिबूनसोंगखाम पुन्हा सत्तेवर आले, साम्यवादाची भीती वाढली, आणि निर्वासितांना मोजक्या प्रांतांपुरते बांधून ठेवण्यात आले. प्रांताबाहेर जायला परवानगी लागू लागली.

१९५९ मध्ये दोन्ही देशांच्या रेडक्रॉस संस्थांचा रंगूनला करार झाला आणि पुढल्या वर्षापासून हजारो लोक जहाजांनी उत्तर व्हिएतनामला परतले. जाताना त्यांनी नाखोन फानोममध्ये नदीजवळ एक घड्याळमनोरा बांधून दिला. तो आजही तिथे आहे. १९६४ मध्ये युद्ध पेटले, जहाजे थांबली आणि उरलेले तिथेच अडकले. त्यांनी लग्ने केली, दुकाने थाटली, त्यांची मुले थाय शाळांत शिकली. आणि १३ डिसेंबर १९७२ रोजी लष्करी राजवटीने क्रमांक ३३७ चा हुकूम काढला. जन्म थायलंडमधला असला, तरी वडील तात्पुरत्या परवान्यावर किंवा विनापरवाना आलेले परके असतील, तर मुलाचे थाय राष्ट्रीयत्व रद्द. त्या मातीत जन्मलेली माणसे एका रात्रीत परकी झाली. शिक्षण, नोकरी, जमीन, प्रवास, सगळ्यालाच खीळ बसली. नंतरच्या सरकारांनी टप्प्याटप्प्याने सवलती दिल्या, आणि २००८ च्या दुरुस्तीने या लोकांना व त्यांच्या मुलांना नागरिकत्व परत मिळण्याची वाट कायद्यातच करून दिली. हुकुमापासून मोजली तर मध्ये छत्तीस वर्षे गेली. आज इसानमधल्या नाँग खाईला जाणारा प्रत्येक थाय प्रवासी नेम नुअँग आवडीने खातो, ते याच लोकांनी आणलेले खाणे. पदार्थाला आपलेपण फार लवकर मिळाले.

नव्या पिढीच्या जोडप्यांत या गुंत्याचे सर्वांत तीव्र रूप दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या संसारात दिसते. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला. आग्नेय आशियात हे प्रथमच घडले. व्हिएतनामने बंदी उठवली आहे, पण २०१४ च्या विवाह व कुटुंब कायद्यानुसार असा विवाह राज्य मान्य करत नाही. थाय तहसीलदाराला व्हिएतनामी जोडीदाराचा अविवाहित असल्याचा दाखला हवा. तो दाखला मागताना लग्न कुणाशी करणार हे सांगावे लागते, आणि समलिंगी विवाहासाठी असेल तर तो देऊ नये, असा व्हिएतनामच्या न्याय मंत्रालयाचा नियम आहे. माणूस अविवाहित आहे हे सत्य, पण ते सत्य लिहून द्यायला त्याचे राज्य तयार नाही. ज्या दारासाठी थाय कार्यकर्त्यांनी इतकी वर्षे झगडा केला, ते उघडे असूनही उंबरठ्यावर तो तसाच उभा राहतो. हा अन्याय आहे, आणि त्याला दुसरे नाव देण्याची मला गरज वाटत नाही.

आपण हे दुरून पाहणारे आहोत असे मानायचे कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्याची सोय आपल्या कायद्यात १९९२ पर्यंत नव्हती. फक्त बापाकडून मिळत असे. आणि थायलंडने आई-बापांना या बाबतीत सारखे केले तेही १९९२ मध्येच. परक्याशी लग्न केलेल्या मुलीवर दोन्ही देशांनी एवढी वर्षे सारखाच अविश्वास दाखवला. आज भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला नोंदलेले लग्न दोन वर्षे टिकल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी अर्ज करता येतो. काळ मोजायची थोडी तरी तयारी त्यात आहे. पण घटस्फोट झाला की हे कार्डही रद्द होऊ शकते.

आसियानने २०१५ अखेर स्वतःला समुदाय म्हणून घोषित केले. अभियंते, परिचारिका, वास्तुरचनाकार, भूमापक, डॉक्टर, दंतवैद्य, लेखापाल आणि पर्यटन व्यावसायिक अशा आठ व्यवसायांच्या पात्रतेला एकमेकांच्या देशांत मान्यता देण्याचे करार तिथे झालेले आहेत. माणसाचे कौशल्य सीमेपलीकडे कसे न्यायचे याचा विचार झाला. त्याच माणसाचा संसार कसा न्यायचा, यावर असा एकही करार नाही. माझे म्हणणे एवढेच, की सदस्य देशांनी एकमेकांच्या नागरिकांच्या जोडीदारांसाठी एक निवासपत्र करावे. पहिली दोन-तीन वर्षे हवी तेवढी चौकशी करावी, आणि पुढचे प्रत्येक वर्ष त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर जमा धरावे, जोडीदार मरण पावला तरी न पुसले जाईल असे. कामाचा हक्क व्हिएतनामसारखा लग्नासोबतच द्यावा. यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदे बदलावे लागतील, वेळ लागेल. परदेशी नवऱ्यावरची चार लाखांची अट काढायला मात्र थायलंडला संसदेतही जावे लागणार नाही. ती पोलिसांच्या आदेशात आहे आणि दुसऱ्या आदेशाने निघू शकते.